घरगुती बियर आणि आपली नाचणी

थोडक्या खर्चांत घरच्या घरीं बियर कशी करावी, अशी पृच्छा तरुण शेतकरी अलीकडे करूं लागले आहेत. धान्य आपलें, चूल आपली, मग बाटली विकत कां घ्यावी, हा त्यांचा प्रश्न वरवर पाहतां बिनतोड वाटतो. परंतु ज्याच्या नांवावर सातबारा आहे त्यानें आधीं कायदा पाहावा, असें महसुली दप्तरांत आयुष्य घालविलेल्या मला सांगणें भाग आहे.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्याच वर्षींचा दारूबंदीचा कायदा आजही आपणांस लागू आहे. परवान्यावांचून मद्य करणें हा त्यान्वयें गुन्हा आहे; इतकेंच नव्हे, तर त्या हेतूनें भांडीं व साहित्य जवळ बाळगणें हाही गुन्हाच होय. घरच्यापुरती केली, विकली नाहीं, ही सबब चालत नाहीं. शिक्षा कैदेची व दंडाची आहे. एका घागरीच्या हौसेपायीं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून हंगाम बुडविणें शहाणपणाचें नव्हे.

मग हौस सोडून द्यावी काय ? माझें मत तसें नाहीं. बियर करण्यांत मुख्य कामें दोन : धान्यास मोड आणून त्यांतील पिठूळ अंशाची साखर करणें, आणि यीस्टकडून त्या साखरेचें मद्य करविणें. दुसरें काम कायद्यानें अडविलेलें आहे; पहिलें नाहीं, आणि खरें कसब त्यांतच आहे. विलायतेंत त्यास जव लागतो. आपल्या गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या डोंगरी भागांत नाचणी पिकते, व मोडास ती उत्तम. आफ्रिकेंतील कित्येक देशांत गांवठी बियरसाठीं नाचणीचेच मोड वापरतात.

कृति सोपी आहे. नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजवावी. ओल्या फडक्यांत बांधून दोन-तीन दिवस ठेवावी व मधून मधून पाणी शिंपडावें. बुरशीचा वास आल्यास सर्व टाकून द्यावी. मोड चांगले फुटले म्हणजे उन्हांत कडक वाळवून, चोळून पाखडावी. त्यांतील मूठभर दळून, बोट ठरणार नाहीं इतक्या ऊन, परंतु उकळत्या नव्हे, अशा घट्ट पेजेंत कालवावी. थोड्या वेळांत पेज पातळ व गोडसर झाली, तर मोड साधला असें समजावें. उरलेली मंद आंचेवर परतून दळावी. तिचें सत्त्व लेंकरांस उपयोगी पडतें, बाजारांतही खपतें. साहित्य काय, तर पातेलें, फडकें व सूप. जोडीला आंबील रोज करून आंबविण्याचा हात बसवावा.

राहिला कायदा. तो मोडूं नये, बदलून घ्यावा. इंग्लंडांत घरगुती बियरचा परवाना १९६३ सालीं रद्द झाला. अमेरिकेनें १९७८ सालीं घरच्या वापरापुरती मर्यादा घालून मोकळीक दिली. आपल्या सरकारनेंही २००१ सालीं द्राक्षांपासून वाइन करण्याच्या उद्योगास धोरण आंखून उत्तेजन दिलें. द्राक्षबागाईतदारास जें मिळालें, तें डोंगरच्या नाचणीवाल्यास कां मिळूं नये ?

यावर कोणी २०१५ सालची मुंबईच्या मालवणींतील घटना पुढें करील. तेथें विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं, हें विसरतां येणार नाहीं. परंतु तें विष मेथनॉलचें होतें, मोड आलेल्या धान्याचें नव्हे. व्यसनानें संसार बुडतात हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि म्हणूनच माझी मागणी मोकाट सुटीची नाहीं. वर्षास ठराविक मापाची मर्यादा, विक्रीस सक्त मनाई व गांवच्या दप्तरांत नोंद, एवढ्या अटींवर घरगुती परवाना असावा.

संघानें या आशयाचा ठराव करून सरकारकडे पाठवावा. परवाना मिळेपर्यंत नाचणीस मोड आणावेत आणि आंबील प्यावी. पुढें परवाना मिळालाच, तर निम्मी विद्या तोंवर हातीं आलेली असेल. न मिळाला, तरी घरांत सत्त्व आहेच.