मजुराचं सोंग पुरे, आता त्याला बोलू द्या!

दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातल्या लोणार, सिंदखेडराजाकडच्या गावांतून माणसं बाहेर पडतात. कुणी ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर, कुणी पुण्या-सुरतेकडे मिळेल त्या कामाला. आणि त्याच वेळी दुसऱ्या राज्यांतली माणसं आपल्याकडे रस्ते, पूल, इमारती बांधायला आलेली असतात. आपण ज्या वर्गात बसून लेक्चर ऐकतो, तो कुणी बांधला हे कोनशिलेवर लिहिलेलं नसतं. तिथं उद्घाटकांचं नाव असतं.

मग हा मजूर आपल्याला भेटतो कुठं? गॅदरिंगच्या नाटुकल्यात! डोक्याला गमछा, गालाला काजळ, वाकलेली पाठ. मागे करुण संगीत वाजतं, शेवटी तो मरतो आणि टाळ्या पडतात. नाहीतर तो ‘भय्या’ होऊन मोडकं हिंदी बोलतो आणि हशा मिळवतो. रडवणारा नाहीतर हसवणारा, या दोनच भूमिका आपण त्याला देऊन ठेवल्या आहेत.

मित्रहो, माझं म्हणणं सरळ आहे. घर सोडून कामाला जाणाऱ्यांचं जगणं कलेतून मांडायलाच हवं. पण ते त्यांना बाजूला ठेवून नव्हे. आधी त्यांचं ऐकायचं, शक्य असेल तिथं त्यांनाच बोलू द्यायचं आणि मग आपली पेटी-तबला काढायचा.

मराठीत हे काही नवीन नाही. अण्णाभाऊ साठे सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे. पोटासाठी लहानपणीच घरच्यांबरोबर पायी मुंबईला आले. मिळेल ते काम केलं, गिरणीतही राबले. पुढे १९४४ मध्ये अमर शेख, द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेली त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड आपण राजकीय गाणं म्हणून ओळखतो. पण त्या गाण्यातला माणूस कोण? कामासाठी मुंबईत आलेला आणि कारभारीण गावाकडे ठेवून आलेला साधा कामकरी! अशा लाखो माणसांची ताटातूट आधी त्यात आली, म्हणूनच पुढचं राजकारण लोकांच्या काळजाला भिडलं.

नारायण सुर्वे यांचंही तसंच. एका गिरणी कामगाराने वाढवलेलं हे पोर. गिरणीत काम केलं, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आणि १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ हे संग्रह आले, आणि कामगार मराठी कवितेत स्वतःच्या तोंडाने बोलू लागला. १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद याच माणसाकडे आलं.

कुणी म्हणेल, “राजेहो, आम्ही थोडेच अण्णाभाऊ आहोत? आम्ही पडलो इंजिनिअरिंगवाले!” ठीक आहे. मग सुधीर पटवर्धनांकडे बघा. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस करता करता त्यांनी लोकलमधली, रस्त्यावरची, वस्तीतली कष्टकरी माणसं वर्षानुवर्षं रंगवली. ते मजूर नव्हते आणि मजुराचं सोंगही त्यांनी घेतलं नाही. त्यांनी नीट पाहिलं. त्यांच्या चित्रातला माणूस दया मागत नाही, तो आपल्या जागेवर भक्कम उभा असतो. हातातला व्यवसाय सांभाळूनही हे होऊ शकतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि सिंगापूरचं बघा. तिथं २०१४ पासून स्थलांतरित कामगारांसाठी कवितास्पर्धा सुरू झाली. बांधकामावर राबणाऱ्या बांगलादेशी कामगारांनी आपल्या बंगालीत कविता लिहिल्या, त्यांची भाषांतरं झाली आणि शहराने त्या ऐकल्या. आयोजकांनी काय केलं? मंच दिला, भाषांतर दिलं, कवीला त्याचं नाव दिलं. एवढं तर आपणही करू शकतो.

ऐकायला बसलं की काय हाती लागतं, त्याचा एक नमुना सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा माणूस असेल तर ‘अर्धा कोयता’. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम म्हणजे ‘उचल’. ती फिटेपर्यंत उसाच्या फडातून सुटका नाही. राहायला पाचटाची ‘कोपी’. आता सांगा, माणसांच्या जोडीला अवजाराचं नाव पडतं, यापेक्षा मोठं नाटक आपण खोलीत बसून रचणार आहोत का?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. “गाण्या-नाटकांनी मजुराचं पोट भरतं का? इंजिनिअरने त्याच्यासाठी चांगली घरं बांधावीत, ती खरी मदत.” मला हे अर्धंच पटतं. २० ऑगस्ट २०२१ रोजी आपल्याच सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावरचे मजूर घेऊन जाणारा टिप्पर उलटला. त्यात लोखंडी सळ्या होत्या आणि माणसंही होती. १३ मजूर गेले. सळ्यांबरोबर माणसं बसवू नयेत, हे न कळण्यासारखं आहे का? ज्ञान कमी पडत नाही. समोरचा माणूस आपल्यासारखाच आहे, हे दिसणं कमी पडतं. बांधकामावर पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तर मुलांसाठी पाळणाघराची खोली हवी, ही तरतूद १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातच आली होती. तरी साइटचा लेआउट काढताना ऑफिस, स्टोअर, सिमेंटचं गोदाम आधी आठवतं आणि ते पोर वाळूच्या ढिगावर खेळत राहतं. पाळणाघर ड्रॉइंगवर यायला ते पोर आधी आपल्या नजरेत यावं लागतं. कला नेमकं हेच काम करते. उद्या आपल्यातलेच कितीतरी जण साइटवर उभे राहणार आहेत, म्हणून हे आजच बोललेलं बरं.

शेवटचा मुद्दा आपल्या हॉस्टेलचा. दिवाळीच्या सुट्टीत सगळं हॉस्टेल रिकामं होतं, पण एक-दोन खोल्यांत दिवा जळत असतो. विचारलं तर उत्तर येतं, “सबमिशन बाकी आहे.” खरं कारण वेगळं असतं. घराला कुलूप असतं! आई-वडील फडावर नाहीतर भट्टीवर गेलेले असतात. हा मुलगा आपल्याच मेसमध्ये जेवतो, आपल्याच बेंचवर बसतो, आणि गॅदरिंगमध्ये काजळ फासलेला मजूर बघून सगळे हसतात तेव्हा तोही हसल्यासारखं करतो. म्हणून म्हणतो, ‘त्यांचं’ जगणं ‘आपल्याला’ दाखवायचं, ही भाषाच चुकीची आहे. ते आपल्यातच बसलेले आहेत.

तेव्हा सांस्कृतिक समितीला आणि सर-मॅडमना माझी एक सूचना. यंदाच्या गॅदरिंगचा एक तास वेगळा काढा. बांधकामावरच्या कुणाला आपल्या बोलीतलं गाणं म्हणायचं असेल, कुणा विद्यार्थ्याच्या आईला फडावरच्या चार गोष्टी सांगायच्या असतील, तर त्यांना सन्मानाने बोलवा. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडणार, तो भरून द्या. न विचारता फोटो काढू नका. ज्याला नाव सांगायचं असेल त्याचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर छापा, ज्याला नको असेल त्याचा मान राखा. कुणाला बळजबरीने स्टेजवर ढकलू नका. दुःखाचं प्रदर्शन मांडणं ही सोंगाचीच दुसरी बाजू. त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत लिहून घेऊन याच अंकात चार पानं दिली, तरी खूप झालं.

साउंड सिस्टिम आपली आहेच. माइक तेवढा द्यायचा आहे.