शिळी नव्हे, मुरलेली कोशिंबीर

एका वाचक-भगिनीनें आम्हांस पत्र पाठवून एक साधाच प्रश्न विचारला आहे. घरांत लहानमोठीं चौदा माणसें. सकाळीं कोशिंबीर करावी. मुलांच्या व पुरुषांच्या पंगतीस ती पानाच्या डाव्या बाजूस शोभून दिसावी. आणि वाढणाऱ्या बायका पानावर बसेपर्यंत भांड्याच्या तळाशीं खारट पाणी व त्यांत तरंगणारे काकडीचे चार तुकडे एवढेंच उरावें! शेवटच्या पानापर्यंत कोशिंबीर चांगली राहील, असा कांहीं उपाय आहे काय, असें त्या विचारतात.

प्रश्न वरवर कोशिंबिरीचा दिसतो. पण तो तेवढाच नाहीं, हें आमच्या वाचकांच्या ध्यानांत येईलच. आमटी-भाजी पुन्हां ऊन करून घेतां येते, भात मागाहून लावतां येतो. कोशिंबिरीचें तसें नाहीं. म्हणून मागाहून जेवणाऱ्यांच्या पानांतून जो पदार्थ सर्वांआधीं नाहींसा होतो, तो हाच. आणि रोजच्या जेवणांत कच्च्या भाज्यांचें सत्त्व ज्यांतून मिळावयाचें, तो पदार्थही मुख्यतः हाच. जिनें ती पहाटे उठून चिरली, तिच्याच पानांत ती नसावी, ही गोष्ट क्षुल्लक म्हणून सोडून देण्यासारखी खास नाहीं.

आमच्या घरींही पुष्कळ वर्षें असेंच चाले. एकदां पौषांत घरीं पाहुणे यावयाचे होते, म्हणून गाजर, कोबी व फ्लॉवर यांची मोहरी लावलेली कोशिंबीर सकाळींच मोठ्या प्रमाणावर करून ठेवली. पाहुण्यांचें येणें लांबलें, आणि ती रात्रीच्या पानांवर आली. सासूबाईंनीं ताट पाहतांच कपाळास आठी घातली. "सकाळची कोशिंबीर? शिळं कशाला वाढता गं?" थोरल्या जाऊबाई नम्रपणें म्हणाल्या, "आई, एक घास घेऊन तर पाहा." त्यांनीं घास घेतला, आणखी एक घेतला, आणि शेवटीं वाटी पुढें करून म्हणाल्या, "ही शिळी नाही गं. ही मुरली आहे." त्या दिवसापासून आमच्याकडे थंडीच्या दिवसांत हीच कोशिंबीर होत असते.

सासूबाईंनीं केलेला हा भेद शास्त्रासही धरून आहे. काकडीच्या शंभर भागांत सुमारें 95 भाग पाणीच असतें. चिरलेल्या भाजीस मीठ लागलें कीं, तें पेशींतील पाणी बाहेर ओढतें. साध्या कोशिंबिरींत हें पाणी जेवणाच्या वेळीं सुटतें. तें चवीस पातळ करतें आणि भाजी मरगळते. मुरवणाच्या कोशिंबिरींत आपण तेंच पाणी आधींच काढून घेतों, आणि मग लिंबू, साखर, मोहरी व तेल यांचा रस भाजींत हळूहळू उतरूं देतों. त्यामुळें जो वेळ पहिल्या कोशिंबिरीस मारक, तोच दुसरीस तारक होतो.

आतां कृति. चौदा माणसांस गाजरें अर्धा किलो, कोबी पाव किलो, फ्लॉवर पाव किलो, एक मध्यम मुळा व दोन कोंवळ्या काकड्या पुरतात. गाजरांच्या काडेपेटींतील काड्यांएवढ्या फोडी कराव्या. कोबी व मुळा बारीक चिरून त्यांस दोन लहान चमचे मीठ चोळावें व अर्ध्या तासानें हातानें दाबून पाणी काढावें. हें पाणी मोरींत ओतूं नये. पाण्यांत विरघळणारें क जीवनसत्त्व त्याबरोबर जातें. थालिपिठाचें पीठ त्यांत भिजवावें, मात्र पिठांत मीठ तेवढें कमी घालावें. फ्लॉवरचे लहान तुरे उकळत्या पाण्यांत दोन मिनिटें ठेवून उपसावे आणि स्वच्छ फडक्यावर कोरडे करावे.

खरी मेख मोहरींत आहे. एक मोठा चमचा मोहरी कुटून थंड पाण्यांत फेसावी, व नाकास झणका लागूं लागला कीं, दहा मिनिटें झांकून ठेवावी. कोरडी मोहरी चुरचुरत नाहीं. दाणा फुटून त्यास पाणी लागलें म्हणजे त्यांतील एक पाचक द्रव्य जागें होतें आणि त्यामुळें तो झणका उत्पन्न होतो. उष्णतेनें हें द्रव्य नष्ट होतें, आणि आंबटानें त्याचें काम मंदावतें. म्हणून फेसण्यास गरम पाणी घेऊं नये, व झणका येण्याआधीं लिंबू पिळूं नये. 'आमची मोहरी चढतच नाहीं' अशी तक्रार करणाऱ्या भगिनींची चूक बहुधा या दोहोंपैकीं एका ठिकाणीं असते.

पाव वाटी तेलाची हिंग, हळद, चिमूटभर मेथी व उभ्या चिरलेल्या चार हिरव्या मिरच्या घालून फोडणी करावी आणि ती पूर्ण निवूं द्यावी. कढत ओतली तर मोहरीचा झणका वाफेबरोबर उडून जातो. नंतर सहा लिंबांचा रस, दोन मोठे चमचे साखर, दोन लहान चमचे मीठ, थोडें किसलेलें आलें, फेसलेली मोहरी व निवलेली फोडणी एकत्र करून काकडीखेरीज सर्व भाज्यांस चोळावी. तेलास भिऊन तें अगदींच वगळूं नये. गाजरांतील ज्या द्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवितें, तें स्निग्धाबरोबर अधिक चांगलें अंगीं लागतें.

भांडें चिनी मातीचें, कांचेचें किंवा दगडी असावें. पितळेच्या भांड्यांत आंबट कळकतें, हें सांगावयास नकोच. सकाळीं सातास मुरत घातलेली कोशिंबीर अकराच्या सुमारास खाण्याजोगी होते. मधून दोनदां वरखालीं करावी. काकडी मात्र वाढण्याच्या अर्धा तास आधीं मिसळावी. ओला नारळ, दाण्याचें कूट किंवा दहीं घालावयाचें झाल्यास तें प्रत्येक पंगतीपुरतें वेगळें काढून त्यांतच घालावें. नारळ लवकर आंबतो, कूट भिजून लिबलिबीत होतें, आणि मग दोष मुरवणास लागतो.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगावयाच्या आहेत. लिंबानें व मोहरीनें रोगजंतु मरतात, अशा भरंवशावर कोणी राहूं नये. विषमज्वरासारखे रोग दूषित पाण्यांतून व न धुतलेल्या भाज्यांतून पसरतात. पानावर चार तास पडलेलें लिंबू त्यांस आवर घालीलच असें नाहीं. भाजी चिरण्याआधीं वाहत्या, पिण्याजोग्या पाण्यानें धुवावी, कोबीचीं बाहेरचीं पानें टाकावीं व हात-विळी स्वच्छ असावी. उरलेली कोशिंबीर उन्हाळ्यांत बाहेर ठेवूं नये. शीतकपाटांत झांकून ठेवल्यास ती दुसऱ्या दिवशींही चांगली लागते. त्यापुढें मात्र ती खरोखरच शिळी! शिवाय घरांत रक्तदाबाचा विकार असणाऱ्यांकरितां मीठ घालण्याआधींच थोडी भाजी बाजूस काढून तिला केवळ लिंबू व मोहरी लावावी. दांत नसलेल्या वडील मंडळींकरितां गाजर किसून घेतलें म्हणजे झालें.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आमचें उत्तर एवढेंच कीं, ही कोशिंबीर शेवटच्या पानावर पहिल्या पानाहून अधिक चवदार लागते, करून पाहा. पण एक गोष्ट आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. ज्या संध्याकाळीं सासूबाईंनीं वाटी पुढें केली, त्या दिवशीं पाहुण्यांमुळें खोळंबून आम्ही सर्वजणी त्यांच्याबरोबर एकाच पंगतीस बसलों होतों, आणि भांडें मध्यें ठेवून ज्याचें त्यानें वाढून घेतलें होतें. कोणाचें कांहीं अडलें नाहीं. पुढें सासूबाईंनींच रात्रीचें जेवण तसें व्हावें असें ठरविलें. कोशिंबीर चार तास वाट पाहूं शकते, हा तिचा गुण खरा. परंतु करणारीनेंही तिच्याबरोबर तेवढीच वाट पाहिली पाहिजे, असा नियम कोठेंही लिहिलेला नाहीं.