विश्लेषण : कानातली शिट्टी थांबवणारे यंत्र येतेय, जळगाव-धुळ्याने वाट पाहत बसावे का?

वीज गेली, पंखा थांबला, गल्ली शांत झाली की काहींच्या कानात शिट्टी सुरू होते. कुणाला रातकिडे ऐकू येतात, कुणाला कुकरची वाफ, कुणाला ट्रान्सफॉर्मरची घरघर. बाहेर असा कोणताच आवाज नसतो. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात, आयुर्वेदात कर्णनाद. घरी मात्र ‘कान वाजतात’ एवढेच सांगितले जाते आणि ऐकणारा ‘होईल बरे’ म्हणून विषय संपवतो. ‘जामा न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकाने २०२२ मध्ये जगभरातील अभ्यास एकत्र करून मांडलेल्या अंदाजानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना हा अनुभव आहे. ही संख्या ७४ कोटींच्या वर जाते आणि त्यातील सुमारे १२ कोटी लोकांना त्याचा तीव्र त्रास होतो.

या त्रासावरच्या नव्या यंत्रांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असल्याने ‘मशीन आले की घेऊ’ असे म्हणणारे वाढले आहेत. ही यंत्रे खोटी नाहीत. त्यांच्यामागे खरे संशोधन आहे. अडचण वाट पाहण्यात आहे.

आवाज येतो कुठून?

कानाच्या आतल्या भागात, शंखासारख्या कॉक्लियात, सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा काही औषधांनी त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बहुतेकदा बारीक, तीव्र स्वर ऐकणाऱ्या पेशी आधी जातात. तिकडून येणारा सिग्नल कमी झाला की मेंदू आपला ‘गेन’ वाढवतो. स्टेशन लागत नसताना रेडिओचा आवाज वाढवला तर खरखरच मोठी होते, साधारण तसेच. म्हणूनच शस्त्रक्रियेत श्रवणाचा मज्जातंतू कापला गेला तरी अनेकांचा आवाज थांबत नाही. बिघाड कानात सुरू होतो आणि आवाज मेंदूत तयार होतो.

नवी यंत्रे याच ठिकाणी हात घालतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या सुझन शोर यांनी मेंदूच्या बुंध्यातील डॉर्सल कॉक्लियर न्यूक्लियस या भागावर अनेक वर्षे काम केले. इथे कानाचे सिग्नल आणि मान-जबड्याच्या स्पर्शाचे सिग्नल एकत्र येतात. काहींनी दात आवळले किंवा मान ताणली की कानातला आवाज बदलतो, तो यामुळेच. शोर यांच्या यंत्रात हेडफोनमधून ठरावीक आवाज आणि मानेवर किंवा गालावर सौम्य विद्युत स्पंदन दिले जाते. दोन्हींमधले मिलिसेकंदांचे अंतर हाच या उपचाराचा गाभा आहे. रोज अर्धा तास, सहा आठवडे. ९९ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये आले. त्यात नुसत्या आवाजाच्या तुलनेत या जोड-उपचाराने जास्त आराम पडला. ‘ऑरिकल’ ही विद्यापीठातून निघालेली कंपनी ते बाजारात आणण्याच्या प्रयत्नात आहे आणि जगभरचे रुग्ण ज्या यंत्राकडे डोळे लावून बसले आहेत ते हेच.

दुसरे यंत्र आधीच विक्रीत आहे. आयर्लंडमधील ‘न्यूरोमॉड’ कंपनीच्या ‘लेनायर’मध्ये विद्युत स्पंदन जिभेच्या टोकावर, ३२ इलेक्ट्रोडच्या पट्टीतून दिले जाते. अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०२३ मध्ये त्याला मंजुरी दिली.

आकडे नीट वाचले तर

लेनायरची ११२ जणांवरची चाचणी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापून आली. पहिले सहा आठवडे फक्त आवाज, पुढचे सहा आठवडे आवाज आणि जिभेवरील स्पंदन. मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास असलेल्यांपैकी ५८.६ टक्के जणांना जोड-उपचारात लक्षणीय फरक जाणवला. जाहिरातीत एवढाच आकडा दिसतो. पण नुसत्या आवाजाच्या टप्प्यातही ४३.२ टक्के जणांना फरक पडला होता. म्हणजे स्पंदनाने घातलेली भर सुमारे १५ टक्क्यांची. ती कमी लेखण्यासारखी नाही, पण अमेरिकेत या यंत्राला चार हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे साधारण साडेतीन लाख रुपये पडतात, हे शेजारी ठेवून ती वाचायला हवी. शिवाय ‘फरक पडला’ याचा अर्थ प्रश्नावलीतील त्रासाचे गुण कमी झाले. आवाज कायमचा बंद झाला असा दावा कुणी करत नाही.

मिशिगनच्या चाचणीलाही चौकट आहे. तिथे फक्त मान-जबड्याच्या हालचालीने आवाज बदलणारे, म्हणजे ‘सोमॅटिक’ टिनिटस असलेले आणि ऐकणे फार कमी न झालेले लोक घेतले होते. ३० वर्षे लूमवर काढून दोन्ही कानांनी जेमतेम ऐकू येणाऱ्या धुळ्याच्या कामगाराला तेच निष्कर्ष लागू होतील, असे त्या चाचणीवरून म्हणता येत नाही.

एफडीएने मंजुरी दिली म्हणून यंत्र जळगावच्या दुकानात येत नाही, हेही लक्षात घ्यावे. भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचा आयात परवाना लागतो. हे नियम टप्प्याटप्प्याने सर्वच उपकरणांना लागू झाले असून जास्त जोखमीच्या गटांसाठी परवान्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून आहे. त्यामुळे ‘अमेरिकन टेक्नॉलॉजी, कानातला आवाज सात दिवसांत गायब’ असे सांगून हजार-दोन हजारांत कुरिअरने येणारी वस्तू ही या दोनपैकी एकही नाही. बहिरेपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना तर १९५४ च्या जादूटोणासदृश उपाय व आक्षेपार्ह जाहिरात कायद्यानेच बंदी आहे. कायदा जुना आहे, जाहिराती मात्र रोज नव्या.

खान्देशातला आवाज

धुळ्यातील यंत्रमाग, जळगावच्या डाळ मिल, कापसाच्या हंगामातील जिनिंग, भुसावळचे रेल्वे शेड, वरणगावची दारूगोळा फॅक्टरी. या पट्ट्यातील हजारो माणसांचे पोट मोठ्या आवाजात भरते आणि लग्नसराईत डीजेचे ट्रक त्यात भर घालतात. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सुरक्षित पातळी मानली जाते. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेच्या हिशेबाने दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ अर्धी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. लूमच्या शेडमध्ये आवाज सहज ९० च्या वर असतो आणि पाळी १५ मिनिटांची नसते.

आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत नोंद करण्याजोगा व्यावसायिक आजार म्हणून आला, कर्मचारी भरपाई कायद्यातही त्याला जागा होती. पण त्यासाठी आधी कुणीतरी कामगाराची श्रवणचाचणी केलेली असावी लागते. छोट्या शेडमध्ये ती कोण करणार? कान वाजणे ही अनेकदा पहिली खूण असते आणि तीच ‘होईल बरे’मध्ये निघून जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत टिनिटस नाही. सरकारी एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळवायचे तर ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. थोडे ऐकू कमी आणि कानात अखंड शिट्टी, असा माणूस दोन्हीकडून बाहेर राहतो. साडेतीन लाखांच्या यंत्राच्या तारखेपेक्षा ही फट जास्त लोकांना भोवते.

तोवर काय करता येते?

बरेच काही, आणि तेही इथेच. कधी कारण कानातला मळ निघतो, कधी सुरू असलेले औषध. कमी ऐकू येत असेल तर साधे श्रवणयंत्रही अनेकांना आराम देते, कारण बाहेरचा आवाज वाढला की मेंदूला गेन वाढवण्याची गरज कमी होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शिकेत श्रवणयंत्राची तपासणी आणि कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी सुचवली. गिंको बिलोबा, झिंक, मेलॅटोनिन टिनिटससाठी घेऊ नयेत, असेही तीच सांगते. याच गोळ्या मेडिकलवर ‘कानाच्या नसेसाठी’ म्हणून सर्रास मागितल्या जातात.

काही लक्षणांत थांबणे महागात पडते. एका रात्रीत ऐकू येणे कमी झाले तर स्टिरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत आणि जितका लवकर तितका बरा. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा सोबत चक्कर येत असेल, तरी डॉक्टरांना लवकर दाखवावे. यंत्राच्या बातमीने झालेले खरे नुकसान हेच असू शकते, की ज्याच्याकडे १४ दिवस आहेत तो वर्षभर थांबतो.

जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय ही पहिली दारे. खासगीत जाणाऱ्यांनी ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी विचारावी. श्रवणयंत्र विकणाऱ्या दुकानातील मोफत शिबिराचा कागद डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही. गुंतागुंत असेल तर मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था आहे. जाताना जुना ऑडिओग्राम असेल तर सोबत न्यावा. कान किती वर्षांत किती उतरला, हे दोन आलेख शेजारी ठेवल्यावर लगेच दिसते.