तबकडीची वाट पाहणारे आणि त्यांच्यात शिरलेले हेर

तारीख २० डिसेंबर १९५४. शिकागो शहराला लागून असलेल्या ओक पार्क या उपनगरातले एक साधे घर. बाहेर हाडे गोठवणारी थंडी आणि आत दिवाणखान्यात जमलेली दहापंधरा माणसे. रात्री बाराच्या ठोक्याला परग्रहावरचा एक पाहुणा दार ठोठावणार होता आणि या मंडळींना घेऊन उडत्या तबकडीकडे जाणार होता. पहाट होण्यापूर्वी महापूर येणार होता. सारे बुडणार होते, फक्त ही माणसे वाचणार होती.

तयारी अगदी कसून झाली होती. तबकडीत अंगावर धातू असला तर भाजून निघाल, असा वरून निरोप होता. म्हणून बायकांनी कपड्यांचे हूक उसवले, पुरुषांनी पट्टे काढून ठेवले, बुटांतले खिळेसुद्धा तपासले गेले. एका शाळकरी मुलाने तर च्युइंगगमच्या वड्यांवरचा चंदेरी कागदही सोलून टाकला! बारा वाजायला अर्धा तासही उरला नव्हता आणि तेवढ्यात एका गृहस्थांच्या लक्षात आले की आपल्या पँटची चेन तशीच आहे. एकच गडबड उडाली. जमलेल्यांत एक डॉक्टर होते. त्यांनी त्या गृहस्थांना आतल्या खोलीत नेले आणि एक डोळा घड्याळावर ठेवून थरथरत्या हातांनी ब्लेडने ती चेन कापून काढली.

डॉक्टरांच्या हातांना कापरे सुटले होते, कारण त्यांच्या दृष्टीने हा जिवाचा प्रश्न होता. ज्यांची चेन कापली ते गृहस्थ मात्र भक्त नव्हतेच! ते मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांपैकी एक होते. खोलीतले आणखी काही चेहरेही तसेच, उसन्या भक्तीचे होते.

या सगळ्याच्या मध्यभागी होत्या डोरोथी मार्टिन. वय चोपन्नच्या आसपास, संसारी गृहिणी. एके दिवशी पहाटे त्यांना हाताला मुंग्या आल्यासारखे झाले. त्यांनी पेन्सिल उचलली आणि हात आपोआप लिहू लागला. अक्षर आपले नाही, असे त्यांना वाटले. आधी दिवंगत वडिलांचा निरोप आला, मग ‘थोरल्या भावा’चा, आणि पुढे क्लॅरियन व सेरस या ग्रहांवरच्या ‘रक्षकां’चे निरोप रोज येऊ लागले. त्यांतला मुख्य होता ‘सनंदा’. हा म्हणजे नव्या युगातला येशू ख्रिस्त, असे बाई सांगत. मराठी वाचकाला हे नाव ऐकून आपल्या पुराणांतला सनंदन आठवला तर नवल नाही. थिऑसफीच्या पुस्तकांतून आपले सनत्कुमार वगैरे कुमार त्या काळी अमेरिकेतल्या अध्यात्मवेड्या वर्तुळांत चांगलेच परिचयाचे झाले होते, आणि बाईंनीही तसले साहित्य बरेच वाचले होते.

त्यांच्या वह्यांमधून हळूहळू एक मोठी कथा आकाराला आली. फार फार पूर्वी ‘कार’ नावाचा एक ग्रह होता. तिथल्या लोकांत दोन तट पडले. एका बाजूला ल्युसिफर म्हणजे सैतान आणि त्याच्यामागचे शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला प्रकाशाचे अनुयायी. शास्त्रज्ञांनी अणुबॉम्बसारखे एक महाभयंकर अस्त्र तयार केले आणि त्यांच्या हलगर्जीपणाने त्या अस्त्राने अख्ख्या ग्रहाचेच तुकडे झाले. मग ल्युसिफर आपल्या माणसांसह पृथ्वीवर आला, प्रकाशाचे अनुयायी दुसऱ्या ग्रहांवर गेले. आता तोच ल्युसिफर वेश पालटून पुन्हा शास्त्रज्ञांच्या कानी लागला आहे आणि तेच अस्त्र पुन्हा घडवले जात आहे. म्हणून पृथ्वी एकदा धुऊन काढणे भाग आहे, असा त्या निरोपांचा मथितार्थ होता.

ब्रह्मास्त्राच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला ही कथा तितकीशी परकी वाटणार नाही. शिवाय ते साल लक्षात घ्यायला हवे. १ मार्च १९५४ रोजीच अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बचा प्रचंड स्फोट घडवला होता. वर्तमानपत्रे त्या बातम्यांनी भरली होती. बाईंच्या पेन्सिलीतून उतरत होती ती आजूबाजूच्या घराघरांत बसलेली भीतीच. फक्त तिला ग्रहताऱ्यांची वस्त्रे चढवली होती, इतकेच.

बाईंना पहिला मोठा अनुयायी मिळाला तो म्हणजे डॉ. चार्ल्स लॉहेड. मिशिगन स्टेट कॉलेजात विद्यार्थ्यांच्या दवाखान्यात ते डॉक्टर होते. पूर्वी पतिपत्नी दोघांनी इजिप्तमध्ये मिशनरी म्हणून काम केले होते. शिकलेला, सालस, लोकांच्या उपयोगी पडणारा माणूस! त्यांच्या घरी कॉलेजातली मुले जमू लागली. १ ऑगस्टला तबकडी उतरेल म्हणून मंडळी एका विमानतळाजवळ रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. तबकडी काही आली नाही. एक अनोळखी वाटसरू मात्र आला. बाईंनी मोठ्या अगत्याने त्याला सँडविच आणि फळांचा रस देऊ केला, पण तो नको म्हणाला आणि निघून गेला. नंतर वहीत निरोप आला की तो साक्षात सनंदा होता! देव भिकाऱ्याच्या रूपात दारी येऊन गेल्याच्या कथा आपल्याकडे काय थोड्या आहेत?

सप्टेंबरच्या अखेरीस वर्तमानपत्रात छोटी बातमी आली: २१ डिसेंबरला महापूर. ती वाचून कोणी हसले, कोणी पान उलटले. मिनेसोटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर मात्र ताठ बसले. हेन्री रिकेन आणि स्टॅनली शॅक्टर या सहकाऱ्यांबरोबर ते एका प्रश्नाच्या मागे होते. माणसाने एखाद्या श्रद्धेपायी घरदार, नोकरी, नाव सगळे पणाला लावले आणि ती श्रद्धा सपशेल खोटी ठरली, तर तो काय करतो? शहाणा होतो, की अधिकच चिकटून बसतो? इतिहासातले दाखले होते, पण ते सगळे घटना घडून गेल्यावर लिहिलेले. इथे चक्क तारीख ठरलेली होती!

‘आम्ही तुमचा अभ्यास करायला आलो आहोत,’ असे सांगितले तर मंडळी बोलणार नाहीत, म्हणून संशोधकांनी वेश पालटायचे ठरवले. स्वतः गेले आणि काही सहायकांनाही पाठवले, सगळे श्रद्धावान बनून. त्यातला एक तरुण डॉ. लॉहेड यांच्याकडे गेला. तिथे डाळ शिजेना, तेव्हा त्याने एक कहाणी रचली: मेक्सिकोत असताना आपण एका म्हातारीला गाडीत घेतले, तिने येणाऱ्या संकटाविषयी सांगितले आणि मागे वळून पाहतो तो म्हातारी गायब! मग एका तरुणीने जाऊन स्वप्न सांगितले. चहूकडे उसळते पाणी, टेकडीवर एक तेजोवलय असलेला पुरुष, आणि त्याने हात देऊन तिला वर उचलून घेतले.

लॉहेड पतिपत्नींना भरून आले. हे स्वप्न त्यांनी तिला पुन्हा सांगायला लावले, टेपवर मुद्रित केले आणि इतरांनाही सांगितले. विद्यापीठातल्या माणसांनी बसून रचलेली थाप अशा रीतीने भक्तांच्या हाती पुरावा म्हणून गेली. आपण फक्त बघे राहू, असे संशोधकांना वाटले होते. पण वीसपंचवीस जणांच्या मेळ्यात थोड्याच दिवसांत एकामागून एक नवी, उत्साही माणसे येऊ लागली, तर आतल्या माणसांनी त्याचा काय अर्थ लावायचा? वरच्यांनीच ती पाठवली, दुसरे काय!

खोटे भक्त होणे तसे कष्टाचेच होते. रात्ररात्र बैठका चालत. टिपणे घ्यायला उसंत नसे. मग हेर न्हाणीघरात जाऊन घाईघाईने चार ओळी खरडत, नाहीतर हवा खायच्या निमित्ताने बाहेर व्हरांड्यात जात. एका बैठकीचे पुढारपण तर त्यांच्यातल्याच एकाच्या गळ्यात पडले. काय करावे ते सुचेना, म्हणून तो म्हणाला, ‘आपण शांत बसून ध्यान करू.’ बराच वेळ निःशब्द गेला आणि त्या शांततेतच एका बाईंच्या अंगात आले. त्या बोलू लागल्या आणि मंडळात दुसरे माध्यम उभे राहिले. हेराने गप्प बसण्याशिवाय काहीच केले नव्हते, तरी त्याच्याच सूचनेने हे घडले होते.

इकडे डॉ. लॉहेड यांना कॉलेजने राजीनामा द्यायला लावला. डिसेंबरच्या मध्याला ती बातमी देशभर झळकली आणि ओक पार्कच्या त्या घराचा फोन अखंड खणखणू लागला. त्यात टवाळखोरही होते. एकाने दूरदर्शनवरच्या अंतराळवीराचे नाव सांगून ‘आज चार वाजता तुमच्या परसात तबकडी उतरेल’ असा निरोप दिला, तर मंडळी खरोखरच परसात जाऊन आकाशाकडे डोळे लावून उभी राहिली.

आणि ती रात्र. खोलीत दोन घड्याळे होती. पुढच्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटे झाली, तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने ठरवले की मागचे घड्याळच बरोबर! मग त्यातही बारा वाजले. दार वाजले नाही. कोणी रडले नाही, ओरडले नाही. मंडळी नुसती बसून राहिली, चेहरे दगडासारखे. मार्टिनबाईंचे यजमान या भानगडीत कधीच नव्हते. ते नेहमीप्रमाणे नऊच्या सुमारास झोपले आणि जगबुडीच्या रात्रभर गाढ झोपून राहिले! डॉक्टरांनी मात्र रात्री केव्हातरी बोलून दाखवले की त्यांनी सारे पाश तोडले आहेत, आता शंका घेणे त्यांना परवडणारे नाही. नोकरी गेलेला, मुलेबाळे असलेला माणूस बोलत होता आणि तो ज्याच्याजवळ मन मोकळे करत होता, तो टिपणे ठेवणारा निघाला.

पावणेपाचच्या सुमारास बाईंच्या हाताने पुन्हा लिहायला सुरुवात केली. या छोट्याशा मंडळाने रात्रभर एवढा प्रकाश पसरवला की देवाने जगाला वाचवले, असा निरोप होता. पूर रद्द! खोलीत चैतन्य आले. एरवी बातमीदारांना दारातून परत पाठवणाऱ्या बाईंनी स्वतः वर्तमानपत्रांना फोन लावायला घेतला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तर मंडळी घरासमोरच्या पदपथावर उभी राहून भजने गात परग्रहवासीयांची वाट पाहत होती आणि भोवती दोनएकशे बघ्यांची गर्दी होती.

आपल्याकडे फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रहीच्या वेळी जागोजागी होमहवने झाली. जग बुडाले नाही, तेव्हा ‘यज्ञांमुळे टळले’ असे म्हणणारेही कमी नव्हते. तेव्हा ओक पार्कला हसण्यात अर्थ नाही.

फेस्टिंगर, रिकेन आणि शॅक्टर यांचे पुस्तक १९५६ मध्ये आले. त्यात माणसांची आणि गावांची नावे बदलली होती. भाकीत फसल्यावर श्रद्धा ढळली नाही, उलट प्रचाराला जोर आला, असा त्यांचा निष्कर्ष होता; सुट्टीत आपापल्या घरी एकेकटे वाट पाहत बसलेले विद्यार्थी मात्र बहुतेक निवळले. पुढच्याच वर्षी फेस्टिंगर यांनी ‘कॉग्निटिव्ह डिसोनन्स’चा, म्हणजे मनातल्या विसंवादाचा सिद्धांत मांडला. मनात दोन परस्परविरोधी गोष्टी एकत्र राहू शकत नाहीत, मग माणूस त्यांतली एक वाकवतो. हा सिद्धांत जगभर मानसशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो आणि ओक पार्कची गोष्ट त्याच्याबरोबर सांगितली जाते.

पण गोष्ट इथे संपली नाही. फेस्टिंगर यांची कागदपत्रे बरीच वर्षे बंद होती. ती खुली झाल्यावर थॉमस केली या अभ्यासकाने ती वाचली आणि २०२५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे पुस्तकाला मुळातच हादरा देणारे आहे. मंडळ भाकीत फसण्याच्या बरेच आधीपासून प्रचार करत होते आणि नंतर अनेकांची श्रद्धा लवकरच विरली, असे तो दाखवतो. त्याहून गंभीर म्हणजे हेर नुसते पाहत नव्हते, तर त्यांनी बनावट दैवी निरोप दिले, मुलांच्या देखभालीविषयीच्या एका चौकशीतही ढवळाढवळ केली, असे तो म्हणतो. रिकेन तर मंडळात ‘ब्रदर हेन्री’ म्हणून अधिकारी पुरुषासारखे वावरत होते आणि त्या रात्रीचा कळसाचा प्रसंग आपणच ओढवून आणला, अशी कबुली त्यांनीच पुढे दिली होती, असे केली याचे म्हणणे आहे. तसे असेल तर भक्तांच्या डोळ्यांवरच्या पट्टीबरोबर विद्वानांच्या डोळ्यांवरच्या पट्टीचाही अभ्यास करायला हवा होता.

डॉ. लॉहेड यांच्या बहिणीने त्यांना वेडे ठरवून मुलांचा ताबा घेण्यासाठी कोर्टात अर्ज केला. मानसोपचारतज्ज्ञांनी तपासले आणि कल्पना जगावेगळ्या असल्या तरी माणूस वेडा नाही, असे सांगितले. मार्टिनबाईंनी ओक पार्क सोडले. पुढे त्या पेरूमध्ये राहिल्या, ‘सिस्टर थेड्रा’ झाल्या आणि अमेरिकेत परतल्यावर त्यांनी सनंदा आणि सनत्कुमार यांच्या नावाने एक संस्था काढली. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. निरोप उतरवून घेण्याचे काम त्यांनी शेवटपर्यंत सोडले नव्हते.