किल्ली हाती, दार मात्र बंद!

मंडळी, घराला उत्तम कुलूप बसवावं, नवी किल्ली करून घ्यावी आणि सुताराने सांगावं, "या दाराला ती चालत नाही, तुम्ही खिडकीतून ये-जा करा!" आपण ऐकून घेऊ? मुळीच नाही. मग ईमेलच्या बाबतीत हेच आपण मुकाट्याने का सोसतो?

'सिक्युरिटी की' म्हणजे पेनड्राइव्हसारखी दिसणारी छोटी किल्ली. साइन-इन करताना यूएसबीत खोचायची आणि बोट टेकवायचं. ओटीपी कुणीही गोड बोलून काढून घेतो, किंवा हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर आपणच तो टाइप करतो. किल्ली मात्र वेबसाइटचा पत्ता ताडून पाहते. पत्ता खोटा असला तर उत्तरच देत नाही. शिवाय भारतातल्या सिमवर येणाऱ्या ओटीपीची परदेशात बसून वाट पाहण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. किल्लीला ना सिम लागतं, ना रेंज.

मग घोडं कुठे अडतं? ब्राउझरमध्ये सारं सुरळीत चालतं. अडतं ते संगणकावरच्या ईमेल प्रोग्रॅममध्ये. मेल आणण्याची आयमॅप ही पद्धत १९८०च्या दशकातली. तिला नाव आणि पासवर्ड एवढंच ठाऊक. पुढे 'ओऑथ' आलं. त्यात प्रोग्रॅम पासवर्ड मागत नाही, मेल कंपनीचं साइन-इनचं पान उघडतो आणि परवाना घेऊन परततो. कल्पना उत्तम! पण अनेक प्रोग्रॅम हे पान स्वतःच्या पोटातल्या एका चिमुकल्या खिडकीत उघडतात. ती खिडकी म्हणजे पुरता ब्राउझर नव्हे. ती "किल्ली लावा" म्हणते, आपण लावतो, आणि ती ढिम्म!

यावर जाणकारांचा सल्ला ठरलेला: "ॲप पासवर्ड घ्या." म्हणजे गूगलने दिलेली सोळा अक्षरं, जी एकदा प्रोग्रॅमला दिली की किल्ली कुणी विचारतच नाही. पुढच्या दाराला भक्कम कुलूप आणि मागचं दार सताड उघडं! त्यातही गंमत अशी, की ज्याने दुसऱ्या टप्प्यासाठी फक्त किल्लीच ठेवली आहे, त्याला गूगल ॲप पासवर्ड देतच नाही. जो सर्वांत सावध, त्याचीच सर्वांत जास्त अडवणूक. जुना रस्ताही आता उरलेला नाही. गूगलने २०२२ साली खासगी खात्यांसाठी नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर चालणारं साइन-इन बंद केलं, मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये आउटलुक डॉट कॉमसाठी.

दुसरा सल्ला: "ब्राउझरमध्येच मेल वाचा की!" का म्हणून? आईवडिलांची पत्रं, घराची कागदपत्रं, मुलांचे फोटो असा वीस वर्षांचा ठेवा आपल्या संगणकावर, इंटरनेट नसतानाही हाताशी असावा, ही हौस नव्हे, शहाणपण आहे. खातं उद्या बंद पडलं तर कंपनी ही पत्रं घरपोच आणून देणार आहे का?

उपाय अवघडही नाही. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ संस्थेने ऑक्टोबर २०१७ मध्येच बजावलं आहे, की साइन-इनचं पान प्रोग्रॅमच्या पोटात न उघडता वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये उघडावं. थंडरबर्डचा अँड्रॉइड फोनवरचा प्रोग्रॅम तसं करतोही. म्हणजे जमतं, इच्छा हवी.

तेव्हा वाचकहो, प्रोग्रॅमसाठी किल्ली काढून टाकू नका. किल्ल्या दोन ठेवा, एक वापरात आणि एक जपून. आपल्या प्रोग्रॅममध्ये ब्राउझरमधून साइन-इन करण्याची सोय आहे का ते पाहा. नसेल तर तो बनवणाऱ्यांना खडसावून लिहा. आणि घरातल्या आजी-आजोबांना "तुम्हाला कॉम्प्युटर जमत नाही" असं सुनावण्याआधी जरा थांबा. त्यांनी किल्ली बरोबरच लावली होती. चूक दार बनवणाऱ्याची आहे, आणि दुरुस्तीही त्यानेच करायला हवी.