कूपन घेण्याआधी...

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या के.टी. कायमच्या लागलेल्या आहेत. संपादकांनी ग्रेस मार्क देऊन पास करावं ही विनंती!

तर विषय असा. ट्रिपचा सीझन आलाय. वर्गाच्या ग्रुपवर थीम पार्कची चर्चा सुरू झाली आहे आणि तिच्या मागोमाग दरवर्षीचा प्रश्नही आलाय : तिकिटाबरोबर जेवणाचं कूपन आधीच घ्यायचं, की आत गेल्यावर ज्याचं त्याने बघायचं? गेल्या वर्षी मी ट्रिप कमिटीत होते. "कूपन सगळ्यांनी घ्या, स्वस्त पडतं" असं सगळ्यात मोठ्याने मीच ओरडत होते. यंदा मी बरोबर उलटं सांगणार आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

गेल्या वर्षीचा हिशोब आधी सांगते. पार्कचं नाव देत नाही, कारण चूक पार्कची नव्हती, आमची होती. कूपन ५०० रुपयांचं. त्यात दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा नाश्ता. हेच सुटं घेतलं तर ६८० रुपये होतात असं पत्रकावर छापलेलं. म्हणजे माणशी १८० रुपये वाचले! आम्ही ४४ जण. मी लगेच मोबाईलवर गुणाकार करून "आपले ७,९२० रुपये वाचले" असा मेसेज टाकला. बावीस जणांचे अंगठे आले. काय अभिमान वाटला होता!

प्रत्यक्षात काय झालं? जेवणाच्या रांगेत पाऊण तास गेला. भरल्या पोटी रोलर कोस्टरवर बसायची हिंमत होईना म्हणून निम्म्या मुलींनी ताट अर्धवट टाकलं. नाश्त्याची चिठ्ठी चारनंतरच चालणार होती आणि त्या वेळी सगळे शेवटच्या राइडच्या रांगेत. साडेपाचला बस सुटली. परत येताना मी विचारलं, "कोणाकोणाची नाश्त्याची चिठ्ठी राहिली?" १७ हात वर झाले. त्यातला एक माझा. मी सुटं घेतलं असतं तर एक डोसा आणि पाण्याची बाटली, जास्तीत जास्त २६० रुपये. म्हणजे १८० वाचवायला गेले आणि २४० घालवून आले.

इथे मूळ गोम आहे. ६८० ही कूपनची छापील किंमत होती. माझा खर्च ६८० कधी होणारच नव्हता. जे खर्च करायचेच नव्हते ते वाचले कसे म्हणायचे?

हे मला आधीच कळायला हवं होतं, कारण आपण हॉस्टेलवाले दर महिन्याला हाच पेपर देतो. मेसचं कार्ड! खराडीत मी ज्या मेसला जेवते तिथे महिन्याचे ३,३६० रुपये आगाऊ. रोज दोन वेळा, म्हणजे चार आठवड्यांत ५६ वेळची जेवणं. ताट ६० रुपयांना पडलं. सुटं ताट ८० ला. कोणीही म्हणेल कार्ड घ्या. पण ट्रिपहून आल्यावर मी कॅलेंडरवर रोज खुणा केल्या. दोन वेळा घरी गेले, सबमिशनच्या आठवड्यात रात्री मॅगीवर भागवलं, तीन वाढदिवस झाले, आणि दोडक्याची भाजी दिसल्यावर मी कितीदा मागच्या मागे फिरले ते मोजलेलं बरं नाही. महिनाअखेर खुणा निघाल्या ३७. म्हणजे मला ताट पडलं जवळजवळ ९१ रुपयांना. सुटं जेवले असते तर २,९६० मध्ये भागलं असतं. ४०० रुपये मी न जेवण्याचे दिले!

आणि खाडा? खाडा धरायचा तर सलग तीन दिवसांचा आणि आदल्या दिवशी सांगून. दोडका बघून केलेला खाडा धरत नाहीत.

पण माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी त्याच मेसमध्ये, त्याच महिन्यात ५४ वेळा जेवली. तिला ताट ६२ रुपयांना पडलं आणि ९६० रुपये वाचले. कार्ड तेच. फरक जेवणारीत. इंजिनिअरिंगवाल्यांना ब्रेक-इव्हन पॉइंट शिकवावा लागू नये : ३,३६० भागिले ८०, म्हणजे ४२. बेचाळीसच्या वर जेवणार असाल तर कार्ड घ्या, खाली असाल तर सुटं खा.

मग आगाऊ पैसे घेणारा लुटारू असतो का? अजिबात नाही. उद्या किती ताटं लागणार हे कळलं की कणीक किती भिजवायची ते कळतं. किराणा आणि गॅस रोख लागतो. याची उलटी बाजू बघायची असेल तर मुंबईचा गिरणगाव आठवा. तिथल्या खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना महिनाभर जेवू घालायच्या आणि पैसे पगार झाल्यावर मिळायचे. तोपर्यंत वाण्याकडून उधारीवर माल आणायचा आणि व्याज भरायचं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठीच. म्हणजे जेवण आणि पैसे यांच्यामध्ये जो काळ जातो, त्याचा धोका कोणीतरी उचलतोच. उधारीत तो खानावळवालीने उचलला, कूपनात तो आपण उचलतो. त्या बदल्यात सूट मिळते. सौदा वाईट नाही, पण सौदा आहे हे विसरू नये.

मोठ्या पार्कांतही हेच. अमेरिकेत फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये २००५ मध्ये जेवणाची योजना सुरू झाली, कोविडमुळे २०२० मध्ये थांबली आणि जानेवारी २०२४ पासून पुन्हा चालू झाली. मुक्कामाच्या रात्री मोजून पैसे आधी भरायचे. मुक्काम संपला की न वापरलेली जेवणं बाद. आणि योजना घ्यायची तर एका बुकिंगमधल्या तीन वर्षं व त्यापुढच्या सगळ्यांनी घ्यायची. 'आजीला नको, ती कमी खाते' हे चालत नाही.

ही शेवटची अट वाचली आणि मला माझी रूममेट आठवली. कारण तीच अट गेल्या वर्षी आम्ही घातली होती : कूपन सर्वांना कंपलसरी. का, तर हिशोब सोपा जातो! ट्रिप शनिवारी होती. माझी रूममेट शनिवारचा उपवास करते. तिने दोन केळी आणि राजगिऱ्याच्या लाडवावर दिवस काढला असता. तिकीट आणि बसचे पैसे तिने तीन महिने बाजूला टाकले होते. वर हे ५०० आले. ती ग्रुपवर काही बोलली नाही. आदल्या रात्री म्हणाली, "तुम्ही जा गं, माझं पोट बरं नाही." मी तिला इलेक्ट्रालची पाकिटं आणून दिली! खरं कारण तिने मला दिवाळीनंतर सांगितलं, तेही हसत हसत. मला मात्र हसू आलं नाही. ७,९२० वाचल्याचा मेसेज टाकणारी मीच होते ना.

म्हणून यंदाच्या कमिटीला माझं सांगणं आहे. तिकीट आणि बसची वर्गणी वेगळी ठेवा, कूपनची यादी वेगळी. कूपन कोणाला हवं-नको ते ग्रुपवर विचारू नका, सी.आर.ला खाजगीत कळवू द्या. पैसे भरण्याआधी पार्कला फोन करून विचारा : कूपन किती ते किती वेळात चालतं, न वापरल्यास पैसे परत मिळतात का, उपवासाचं काही मिळतं का, आणि बाहेरचं खाणं आत नेता येतं का. बाहेरचं चालत नसेल तर चंदननगरच्या वडापावशी तुलना करू नका, आतल्या दराशीच करा.

आणि प्रत्येकाने स्वतःला एकच प्रश्न विचारा : कूपन नसतं तर मी किती खर्च केला असता? तो आकडा कूपनपेक्षा मोठा असेल तर बिनधास्त घ्या. आपल्या वर्गात तीन ताटं संपवणारे वीर आहेत, त्यांनी तर घ्यायलाच हवं. पण त्यांचा फायदा व्हावा म्हणून बाकीच्यांचं पोट बिघडायला नको.

बघा पटतंय का. मी या वर्षी कूपन घेणार नाही. रूममेट येणार आहे, लाडू तीच आणतेय!