सोडियमची वाट अणूंच्या कंपनांतून

विद्युतघटांसाठी लागणाऱ्या लिथियमच्या बाबतीत भारत आयातीवर अवलंबून आहे. सोडियम मात्र साध्या मिठातून मिळते आणि मीठ उत्पादनात भारत जगातील आघाडीच्या देशांपैकी एक आहे. सोडियमच्या घन विद्युतवाहकांवरील संशोधनाला त्यामुळे विशेष महत्त्व आहे.

प्रचलित लिथियम घटांतील द्रव माध्यम ज्वलनशील असते. त्याऐवजी घन माध्यम वापरल्यास आगीचा धोका कमी होतो. परंतु घन पदार्थांतून आयनांचे वहन सहसा मंद असते. १९६७ मध्ये फोर्ड कंपनीच्या संशोधकांनी बीटा-ॲल्युमिनातील सोडियम आयनांचे जलद वहन दाखवून दिले. १९७६ मध्ये जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नासिकॉन’ हा पदार्थ पुढे आणला.

घन पदार्थातील अणू आपापल्या जागी सतत कंप पावत असतात. या कंपनांमुळे वाटेतील अरुंद जागा क्षणभर रुंदावते आणि आयन शेजारच्या रिकाम्या जागी उडी घेतो. सोडियम थायोफॉस्फेटमध्ये जाळीची मृदू कंपने सोडियमच्या हालचालीशी निगडित असल्याचे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना २०२१ मध्ये न्यूट्रॉनच्या साहाय्याने आढळले. अशा अभ्यासासाठी लागणारे न्यूट्रॉन झोत मुंबईत ट्रॉम्बे येथील ध्रुव अणुभट्टीतही उपलब्ध आहेत.

तथापि, असे मृदू सल्फाइड पदार्थ हवेतील आर्द्रतेने विघटित होऊन विषारी वायू सोडतात. ऑक्साइड पदार्थ टिकाऊ असले, तरी टणकपणामुळे विद्युतअग्रांशी त्यांचा संपर्क नीट जुळत नाही. वेगवान वहन आणि टिकाऊपणा यांचा मेळ घालणे, हेच आता संशोधकांपुढील मुख्य आव्हान आहे.